कीटकाचे क्रियापद : एका साहस-खेळाच्या पुनःप्रकाशनाचा इतिहासार्थ

१

१९९६ साली अमेरिकेतील पल्स एंटरटेनमेंट ह्या संस्थेने ‘बॅड मोजो’ नावाचा एक संगणक-खेळ सीडी-रॉमच्या रूपाने प्रसिद्ध केला. ह्या खेळात खेळणारास आरंभापासून जवळजवळ शेवटपर्यंत झुरळाच्या देहात वावरावे लागते. आठ वर्षांनी, म्हणजे २००४ साली, तोच खेळ ‘रिडक्स’ हे उपपद जोडून, नव्या संगणकांवर चालेल अशा रूपात पुन्हा बाजारात आला. एखादा जुना खेळ पुनःप्रकाशित होणे ही वरकरणी केवळ व्यापारी घटना वाटते. परंतु प्रस्तुत खेळाच्या बाबतीत तिला त्याहून अधिक अर्थ आहे. साहस-खेळ, म्हणजे ज्यास ‘ॲडव्हेंचर गेम’ म्हणतात तो प्रकार, ह्याचा इतिहास हा बव्हंशी खेळणाराच्या हाती दिलेल्या क्रियापदांचा इतिहास आहे, आणि ‘बॅड मोजो’ हे त्या इतिहासातील एक टोक होय. ते टोक कथासारांशावरून दिसत नाही; खेळ प्रत्यक्ष चालवला तरच दिसते. म्हणून त्याचे पुनःप्रकाशन हा एका ऐतिहासिक साधनाच्या रक्षणाचा प्रश्न ठरतो.

२

ह्या प्रकारास ज्याच्यावरून नाव मिळाले तो ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ विल क्राउदर ह्यांनी १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० ह्या यंत्रासाठी फोरट्रान भाषेत रचला. क्राउदर हे गुहांचे शोधक होते, व खेळातील भुयारांची रचना केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह ह्या प्रत्यक्ष गुहांवर आधारलेली होती. १९७७ साली स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स ह्यांनी त्यात मोठी भर घातली. ह्या खेळात चित्र नव्हते. यंत्र इंग्रजी गद्यात स्थळाचे वर्णन करी आणि खेळणाराने बहुधा दोन शब्दांची आज्ञा टंकावयाची असे. पहिला शब्द क्रियापद, दुसरा त्याचे कर्म. दिवा घे, दार उघड, अशा स्वरूपाचे ते व्यवहार होते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ह्या सृष्टीचा पाया आज्ञार्थी सकर्मक क्रियापद हा होता. कर्ता उच्चारला जात नसे. तो गृहीत धरलेला, हात असलेला, वस्तू उचलून जवळ बाळगणारा मनुष्य असे.

पुढील दोन दशकांत ह्या पायाची क्रमाने झीज झाली. १९८४ सालच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ ह्या खेळात नायकाचे चित्र पडद्यावर आले. त्याने चालावे म्हणून बाणाच्या कळा व इतर सर्व कृतींसाठी टंकलेखन, अशी विभागणी तेथे झाली. १९८७ सालच्या ‘मॅनियॅक मॅन्शन’ मध्ये टंकलेखन गेले आणि पंधरा आज्ञाशब्द पडद्याच्या तळाशी छापलेले दिसू लागले. खेळणाराने शब्द आठवावयाचा नसून निवडावयाचा होता. १९९१ सालच्या ‘मंकी आयलंड’ मालिकेतील दुसऱ्या खेळात हे शब्द नऊच उरले. १९९३ सालच्या ‘मिस्ट’ मध्ये शब्द नाहीसेच झाले. बोट दाखवून कळ दाबली की ओढणे, उघडणे, फिरवणे ह्यांपैकी जे उचित असेल ते आपोआप घडे. अठरा वर्षांच्या आत अमर्याद वाटणारा धातुपाठ एका मूक खुणेवर येऊन ठेपला.

ह्या घटीमागे अर्थातच व्यावहारिक कारणे होती. नेमका कोणता शब्द यंत्रास कळेल हे हुडकण्यात खेळणाराचा वेळ जाई व त्याचा त्रास होई. चित्रे जसजशी सुधारली तसतशी वर्णनाची गरजही कमी झाली. तथापि येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ‘मिस्ट’ मध्ये क्रियापदे गेली तरी कर्ता तोच राहिला. तो अनामिक होता, पण हात असलेला मनुष्यच होता. क्रियापदांच्या लोपाचा कर्त्याच्या स्वरूपाशी संबंध जोडण्याचे कार्य ‘बॅड मोजो’ ने केले.

३

खेळाचे कथानक थोडक्यात असे. रॉजर सॅम्स हा कीटकशास्त्रज्ञ सॅन फ्रान्सिस्कोमधील एका मोडकळीस आलेल्या पानगृहाच्या वरच्या खोलीत राहतो. संशोधनासाठी मिळालेला पैसा घेऊन पळून जाण्याच्या तो तयारीत आहे. मृत आईच्या आठवणीचे गळ्यातले लॉकेट हाती घेताच तो झुरळ होतो. त्यानंतर मोऱ्या, भिंतींतील पोकळ्या, स्वयंपाकघर, घाणेरडे न्हाणीघर ह्यांतून वाट काढीत त्यास आपल्या देहाकडे परतावयाचे असते. वाटेत त्यास कळते की ज्या घरमालकाचा, म्हणजे एडी बॅटिटोचा, तो तिरस्कार करीत आला तोच त्याचा पिता आहे. खेळणाराने शेवटी काय केले ह्यावर अवलंबून असलेले एकाहून अधिक शेवट खेळास आहेत.

ही सर्व कथा केवळ चार बाणांच्या कळांनी खेळावयाची असते. ‘किंग्ज क्वेस्ट’ मध्ये टंकलेखनाच्या जोडीला जी गौण सोय होती तीच येथे एकमेव उरली. झुरळ काही उचलू शकत नाही, जवळ बाळगू शकत नाही, बोलू शकत नाही. ओल्या व चिकट पृष्ठभागांवरून ते जाऊ शकत नाही. हलकी वस्तू वाटेत आली तर चालता चालता ती पुढे ढकलली जाते, एवढेच. अर्थात ‘ढकलणे’ हे येथे स्वतंत्र क्रियापद नाही, ते ‘चालणे’ ह्याचा परिणाम आहे. कर्म घेणारी सर्व क्रियापदे काढून घेतल्यावर उरलेल्या एका अकर्मक क्रियापदात खेळणारास सर्व प्रश्न सोडवावे लागतात.

कीटकत्व म्हणजे येथे केवळ सहा पाय आणि मिशा नव्हेत. ती एक व्याकरणिक अवस्था आहे. ज्या जीवांना मनुष्य ‘मारणे’, ‘टोचणे’, ‘तपासणे’ ह्या क्रियांचे कर्म समजत आला, त्यांच्यापैकी एकाच्या ठायी कर्तृत्व आले आहे, पण त्याच्या हाती क्रियापद मात्र एकच आहे. कीटक हा ज्याच्या अभ्यासाचा विषय, तोच कीटक होतो, ह्या योजनेतील उपरोध ह्यामुळे केवळ कथेत न राहता बोटांना जाणवतो.

४

नायकाच्या नावावरून खेळाचा साहित्यिक पूर्वज उघडच आहे. फ्रान्झ काफ्काच्या ‘रूपांतर’ ह्या कथेतील ग्रेगोर साम्सा ह्याचेच हे इंग्रजी वळणाचे रूप होय. ती कथा १९१२ च्या अखेरीस लिहिली गेली व १९१५ साली प्रसिद्ध झाली. काफ्काने कीटकासाठी ‘उन्गेत्सीफर’ हा शब्द योजला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्या शब्दात बळी देण्यास अयोग्य असा प्राणी ही कल्पना आहे. म्हणजे तो कोणत्याही एका जातीचे नाव नाही. एका व्यवस्थेतून बहिष्कृत झाल्याची ती नोंद आहे. त्या शब्दाच्या मागे आलेले विशेषणही नकारार्थी उपसर्गानेच सुरू होते. ऑक्टोबर १९१५ मध्ये काफ्काने प्रकाशकास पत्र लिहून कीटकाचे चित्र मुखपृष्ठावर काढू नये, दुरूनही दाखवू नये, असे आग्रहाने कळविले होते. ओटोमार श्टार्के ह्याच्या मुखपृष्ठावर म्हणून उघड्या दारापासून तोंड फिरविलेला एक मनुष्यच दिसतो. पुढे नाबोकोव ह्यांनी, जे स्वतः फुलपाखरांचे अभ्यासक होते, ग्रेगोर हा झुरळ नसून भुंग्याच्या वर्गातील कीटक असावा असे प्रतिपादन केले. काफ्काने जे नाव टाळले तेच ठरविण्याचा तो प्रयत्न होता.

‘बॅड मोजो’ ने काफ्काची ती अट दोनदा मोडली. त्याने कीटकास निश्चित जात दिली, आणि ती पडद्यावर सतत दाखविली. हा पूर्वजाशी झालेला द्रोह मानावा काय? तसे मानण्याचे कारण दिसत नाही. गद्यात ग्रेगोरचे अंतरंग शब्दांनी सांगता येते, म्हणून त्याचे बाह्य रूप झाकता आले. खेळाजवळ ते शब्द नव्हते. त्याने देहाची मर्यादा हीच अंतरंगाच्या जागी ठेवली. ह्याच सुमाराच्या दुसऱ्या एका झुरळाची येथे आठवण होते. १९१६ साली न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राच्या स्तंभात डॉन मार्क्विस ह्यांनी आर्ची नावाचे एक कवी झुरळ निर्माण केले. ते टंकयंत्राच्या कळांवर उड्या मारून लिहीत असल्याने त्यास एकाच वेळी दोन कळा दाबता येत नसत, व म्हणून त्याच्या लेखनात मोठ्या लिपीची अक्षरे नसत. आर्चीच्या ठिकाणी देहाने लेखनपद्धती ठरविली. रॉजरच्या ठिकाणी देहाने क्रियापदांची संख्या ठरविली.

५

येथे एक आक्षेप संभवतो. ह्या खेळास कीटकाच्या दृष्टीचा खेळ म्हणतात. परंतु पडदा झुरळाच्या डोळ्यांतून काहीच दाखवीत नाही. दृश्य वरून पाहिलेले, माणसाच्या डोळ्यांस रुचणारे आहे. झुरळास आपले जग प्रामुख्याने मिशांच्या स्पर्शाने व गंधाने आणि देहाच्या मागील टोकाशी असलेल्या, हवेची हालचाल टिपणाऱ्या अवयवांनी कळते. त्याचा येथे मागमूस नाही. शिवाय झुरळ ज्या कात्रणांवरून व कागदांवरून चालत जाते ती अक्षरे खेळणारा वाचतो, आणि त्यांतूनच मागील कथा उलगडते. पायाखालील शाई झुरळास केवळ पृष्ठभाग आहे. खेळणारास ती वाक्ये आहेत.

आक्षेप तथ्याचा आहे, पण त्याने खेळाचे मोल कमी होत नाही. उलट त्यातून खेळाची खरी रचना स्पष्ट होते. येथे कर्ता आणि द्रष्टा वेगळे केलेले आहेत. करणारा कीटक आहे, पाहणारा व वाचणारा मनुष्य आहे. ग्रेगोर साम्साची व्यथा नेमकी हीच होती. त्यास घरच्यांचे बोलणे समजत असे, परंतु त्याचे बोलणे त्यांना समजत नसे. समज शाबूत, कृती लुप्त, ही जी अवस्था काफ्काने सांगितली ती खेळाने खेळणारावर लादली. आईविषयीचे कागद वाचणारा मनुष्य त्या कागदांवर फक्त चालू शकतो.

६

हे सर्व विवेचन ज्या आधारावर उभे आहे तो आधार अत्यंत नाजूक आहे. १९९६ ची तबकडी त्या काळच्या संगणकप्रणालीसाठी होती. पुढील यंत्रांवर ती सरळपणे चालण्याची शाश्वती नव्हती. ग्रंथ जुना झाला तरी डोळे त्यास वाचू शकतात. खेळास वाचणारे यंत्रच नाहीसे होते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेने २०२३ साली सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या सहकार्याने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत असे आढळले. एखाद्या भाषेच्या इतिहासकारास शंभरांतील सत्त्याऐंशी पोथ्या दृष्टीआड झाल्याचे कळावे, तसाच हा प्रकार आहे.

अशा स्थितीत उरते ते काय? परीक्षणे, जाहिराती, कथासारांश व पडद्याची स्थिरचित्रे. त्यांवरून पुढील अभ्यासक असे लिहील की ह्या खेळात एक मनुष्य झुरळ होतो व आपल्या पित्यास ओळखतो. ते विधान खरे असेल आणि तरीही अपुरे असेल. खेळणारास काय करता येत होते, आणि विशेषतः काय करता येत नव्हते, हे त्यात येणार नाही. कारण अभाव हा चित्रात उमटत नाही. दार समोर असून ते उघडण्याचे क्रियापद आपल्याजवळ नाही, हे कळ दाबून पाहिल्यावाचून उमगत नाही.

पुनःप्रकाशनही मूळ वस्तू जशीच्या तशी परत देत नाही. नवे उपपद, नवी वेष्टने, नव्या यंत्रांसाठी केलेले फेरफार ह्यांमुळे २००४ ची आवृत्ती हा वास्तविक त्या खेळाचा दुसरा पाठ होय, आणि पाठचिकित्सेचे नियम त्यासही लावावयास हवेत. कोणता पाठ कोणत्या यंत्रावर पाहिला हे अभ्यासकाने नोंदविणे म्हणूनच आवश्यक ठरते. परंतु दुसरा का होईना, पाठ हाती आहे. चार कळा आहेत, त्या दाबता येतात, आणि एका अकर्मक क्रियापदाने जग किती लहान व किती दुर्घट होते ह्याची पडताळणी आजही करून पाहता येते. साहस-खेळांच्या इतिहासात क्रियापदांची मोजदाद करू पाहणारास एवढी संधी शिल्लक राहिली, हे ह्या पुनःप्रकाशनाचे फलित मानले पाहिजे.