डॉर्टची धर्मसभा

नेदरलँड्समधील डॉर्डरेख्त (डॉर्ट) शहरी १३ नोव्हेंबर १६१८ ते २९ मे १६१९ या काळात भरलेली प्रॉटेस्टंट पंथातील रिफॉर्म्ड चर्चची सभा. एकूण १८० बैठका झाल्या. तारण कोणाला मिळणार हे देव सृष्टीच्या आधीच ठरवतो, तर ते कशाच्या आधारावर, हा सभेपुढचा मुख्य प्रश्न होता. या चर्चेचा बायबलमधील मूळ आधार रोमकरांस पत्र, अध्याय ९.

पार्श्वभूमी : लायडन विद्यापीठातील प्राध्यापक याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) यांच्या मते, पुढे कोण विश्वास ठेवील हे जाणून देव त्यांची निवड करतो. त्यांचे सहकारी फ्रान्सिस्कस गोमारस यांना हे उलटे वाटे. त्यांच्या मते निवड आधी होते आणि विश्वास हे तिचे फळ असते. आर्मिनियस यांच्या निधनानंतर अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन (रेमॉन्स्ट्रन्स) काढले. त्यावरून त्यांना रेमॉन्स्ट्रंट म्हणू लागले.

मराठी वाचकाला येथे प्रारब्ध आठवते, पण साम्य वरवरचे आहे. प्रारब्ध स्वतःच्याच कर्माचा हिशेब असते. डॉर्टच्या सभेने स्वीकारलेल्या सिद्धांतात माणसाच्या खात्यावर काहीच जमा नसते. निवड केवळ देवाच्या कृपेने होते.

कामकाज : इंग्लंड, जिनिव्हा, ब्रेमेन, हेसे इत्यादी ठिकाणांहून प्रतिनिधी आले. फ्रेंच प्रतिनिधींना त्यांच्या राजाने येऊ दिले नाही. त्यांची आसने सभागृहात रिकामीच ठेवली होती. सिमॉन एपिस्कोपियस यांच्या नेतृत्वाखालील रेमॉन्स्ट्रंटांना सभासद म्हणून बसू दिले नाही, त्यांना जाब देण्यासाठी बोलावले होते. फिर्यादीच न्यायाधीश होऊन बसले आहेत, ही त्यांची हरकत. आठवडेच्या आठवडे कार्यपद्धतीवरच गेले. अखेर १४ जानेवारी १६१९ रोजी अध्यक्ष योहानेस बोगरमन यांनी त्यांना कठोर शब्दांत बाहेर काढले. पुढचा निर्णय त्यांच्या लेखनावरून झाला.

निर्णय : सभेने रेमॉन्स्ट्रंटांची मते नाकारली आणि आपला निर्णय प्रकरणे व कलमे पाडून लिहिला. त्यातील निवडीविषयीच्या पहिल्या प्रकरणातील १७ वे कलम विशेष लक्षात घ्यावे. विरोधकांचा आरोप होता की, हा सिद्धांत तान्ह्या बालकांना आईच्या छातीवरून ओढून नरकात टाकतो. सभेने तो नाकारला आणि देवभीरू आईबापांनी तान्हेपणी गेलेल्या आपल्या लेकरांच्या निवडीविषयी शंका बाळगू नये, असे लिहून ठेवले. १६ वे कलम ज्यांना स्वतःचा विश्वास अजून दुबळा वाटतो त्यांना धीर देते. पूर्वनियुक्तीला, म्हणजे देवाने आधीच केलेल्या निवडीला, निष्ठुर ठरवणाऱ्यांनी ही दोन कलमे अवश्य वाचावीत. उरलेल्या प्रकरणांत ख्रिस्ताचे मरण, मानवाची भ्रष्टता व परिवर्तन, आणि संतांचे टिकून राहणे हे विषय येतात.

राजकीय बाजू : ओरेंजचे राजपुत्र मॉरिस गोमारसपक्षाचे, तर हॉलंडचे वयोवृद्ध मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट रेमॉन्स्ट्रंटांचे पाठीराखे. १३ मे १६१९ रोजी हेग येथे ओल्डेनबार्नेफेल्ट यांचा शिरच्छेद झाला. तेव्हा सभा अजून संपायची होती. त्यांच्याच पक्षाचे ह्यूगो ग्रोशियस यांना जन्मठेप झाली. १६२१ मध्ये ते पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटले. सुमारे २०० रेमॉन्स्ट्रंट पाळकांची पदे गेली. या शिक्षांची जबाबदारी सभेवर किती, याविषयी मतभेद आहेत.

भारतातील संबंध : १८२९ मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन याच रिफॉर्म्ड परंपरेतील स्कॉटिश चर्चचे होते.

इतर : सभेने करायचे ठरवलेले बायबलचे डच भाषांतर १६३७ मध्ये छापले गेले.