गिरणी बंद पडली, जमीन नाय

आज फवारणीचं नाही, थोडं जुनं लिहितो. गेल्या आठवड्यात वाडीतला एक पोरगा मुंबईची नोकरी सुटली म्हणून घरी आला. पडवीत बसून विचारलंन, "काका, आता काय करू?" त्याला सांगितलं तेच इथे मांडतो.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. त्यात आपले कोकणातले चाकरमानी खूप. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि कित्येकांना परत कामावर घेतलं नाही. माझे बाबा त्यातले. मी तेव्हा सहावीत. मनीऑर्डर बंद झाली आणि गणपतीला येणारा माणूस कायमचा घरी आला.

परत यायला जमीन होती, कारण आजोबा कूळ म्हणून कसत होते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मालक मानलं. तो चांगला बदल २५ वर्षांनी असा कामी आला.

पहिली दोन वर्षं बाबा रोज एसटीच्या वेळेला नाक्यावर जायचे, मुंबईची खबर विचारायला. आई एकदाच म्हणाली, "गिरणी बंद पडली, जमीन नाय." तिसऱ्या वर्षी त्यांनी वरकसाभोवती जांभ्याचा गडगा घालायला घेतला. दिवसाला दोन-तीन हात. आत थोडे काजू लावले. फायद्याचा हिशोब नव्हता, पण हात हलायला लागले.

१९९० मध्ये सरकारने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. अल्पभूधारकाला पूर्ण अनुदान, तीन वर्षांत हप्त्याने. गडगा तयार असल्याने आमची कलमं गुरांपासून वाचली. एकरात ४० हापूस, १० बाय १० मीटरवर. कातळात सुरुंग लावून खड्डे मारले, माती दुसरीकडून आणली. आईने तीन उन्हाळे कळशीने पाणी घातलं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या १९९८ साली पहिल्या पेट्या भरल्या.

पण चांगला बदलही सांभाळावा लागतो, तिथे आम्ही चुकलो. सगळ्या वरकसावर कलमं लावली. नाचणी, वरी बंद. गुरं विकली, मग शेणखत विकत. हापूस एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो, म्हणून कल्टार घातलं, तसा खतांचा खर्च वाढला. ज्या वर्षी अवकाळीत मोहोर गेला, त्या वर्षी भाकरीचं पीठही दुकानातून उधार.

मग २०२०. ऐन हंगामात लॉकडाऊन, चाकरमानी परत गावात. ३ जूनला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. आमचं तेवढं नुकसान नव्हतं, पण धडा मिळाला. त्याच पावसात ५ गुंठ्यांत परत नाचणी लावली. आजपर्यंत मोडली नाही.

पोराला म्हटलं, "महिनाभर बस, कोणी बोलणार नाही. पण पावसाआधी तुमच्या गडग्याचे पडलेले दगड लावून घे. पुढे काय करायचं ते नंतर ठरव. काहीही लावलंस तरी गडगा लागणारच." परवापासून कामाला लागलाय.

तुमच्यापैकी कोणी वरकसावर अजून नाचणी करतंय का? घरचं जुनं बियाणं असेल तर कळवा, बदलून घेऊ.