शब्दांची बेगमी

बचत गटांच्या कामात फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. गटात मोकळेपणी बोलणारी बाई बँकेत किंवा ग्रामसभेत गेली की गप्प होते. विचारलं तर म्हणते, "आमचं बोलनं गावठी, लोकं हसतात." हिशोब तिला तोंडपाठ असतो, वाडीची अडचण तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. पण बोलीची लाज वाटते आणि काम मागे राहतं. म्हणून आज आपण आपल्याच बोलीचा इतिहास ऐकूया.

आपली बोली म्हणजे पुस्तकी मराठी बोलता न आल्यामुळे झालेली मोडतोड, असा एक समज आहे. तो खरा नाही. इंग्रजांच्या काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी देशभरातल्या भाषांची पाहणी केली. त्यातला मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी अशा आपल्याकडच्या बोलींची नावानिशी वेगळी नोंद आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा जाणकारांना या बोली नोंद घेण्यासारख्या वाटल्या होत्या.

आता आपल्या घरातच बघा. चावी, परात, घमेलं, पगार, लिलाव हे शब्द आपण रोज वापरतो. ते सगळे पोर्तुगीज भाषेतून आले. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि किनाऱ्यावरच्या व्यापाराबरोबर त्यांचे शब्दही पसरले. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं. काजूचं झाड त्यांनी ब्राझीलहून आणलं, आणि 'काजू' हे नाव मुळात तिथल्या आदिवासींच्या भाषेतलं. आपला हापूससुद्धा 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावावरून आला.

बंदरावर गेलात तर 'बंदर' हा शब्दच फारसी. होडीच्या मालकाला आपण नाखवा म्हणतो. तो फारसीतल्या 'नाखुदा' या शब्दावरून आला, म्हणजे नावेचा धनी. शतकानुशतकं इथे अरबस्तान-इराणकडची गलबतं येत होती, त्याची ही खूण. पावसाळ्याआधी आपण मीठ-मिरची, सुकी मासळी, डाळ-तांदूळ भरून ठेवतो त्याला बेगमी म्हणतो. फारसीत 'बे' म्हणजे शिवाय आणि 'गम' म्हणजे चिंता. घरात बेगमी असली की चार महिने चिंता नाही. इतका नेमका शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी उचलला आणि आपलासा केला.

शेतातले शब्द तर त्याहून नेमके. भाजावळ, दाढ, तरवा, चिखलणी, उडवी या एकेका शब्दात एकेक काम आहे आणि त्या कामाची वेळ आहे. पुस्तकात 'रोपवाटिका' असते. आपण 'दाढ' म्हटलं की जागा, राब आणि पहिला पाऊस सगळं डोळ्यांपुढे येतं.

उच्चाराचंही तसंच. जुन्या मराठी पुस्तकांत 'केलें', 'मीं', 'तें' असे डोक्यावर टिंब दिलेले शब्द दिसतात. ते टिंब नाकातून होणाऱ्या उच्चाराचं होतं. पुढे शिकलेल्यांच्या बोलण्यातून तो उच्चार गेला आणि १९६२ च्या लेखननियमांनी ती टिंबंही काढून टाकली. पण जिल्ह्याच्या दक्षिणेला, मालवणीच्या शेजारच्या गावांत, 'ह्यां काय?' असं नाकातून अजून ऐकू येतं. ज्याला लोक गावंढळ म्हणतात, तो मराठीचा जुना उच्चार आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. मंडणगड तालुक्यातलं बाणकोट आपल्याला माहीत आहे. १८२३ साली तिथे स्कॉटलंडहून मिशनरी आले. बाणकोट-हर्णैला राहून ते मराठी शिकले. त्यातल्याच जॉन स्टीव्हन्सन यांनी पुढे मराठीचं व्याकरण लिहिलं. त्यांच्या देशातही बोलीची हीच कहाणी चालू होती.

स्कॉटलंडमध्ये इंग्रजीची एक बहीण आहे, तिचं नाव स्कॉट्स. एके काळी तिथला राजदरबार आणि कायदा त्याच भाषेत चालायचा. १६०३ साली तिथला राजा इंग्लंडच्या गादीवर बसला आणि लंडनला गेला. १७०७ साली संसदही लंडनला गेली. मग इंग्रजी ही शहाण्यांची भाषा ठरली आणि स्कॉट्स गावठी. शाळेत ती बोलली म्हणून मुलांनी छड्या खाल्ल्या.

गंमत अशी, की घराला इंग्रजीत 'हाउस' म्हणतात, स्कॉट्समध्ये 'हूस'. गाईला इंग्रजीत 'काउ', स्कॉट्समध्ये 'कू'. लोकांना वाटायचं, स्कॉट्स बोलणारे शब्द बिघडवतात. खरं तर 'हूस' आणि 'कू' हेच जुने उच्चार. बदलली ती इंग्रजी. तळ्याला ते 'लॉख' म्हणतात. त्यातला घशातून येणारा 'ख' पुष्कळ इंग्रजांना जमत नाही, ते 'लॉक' म्हणतात.

ही भाषा टिकली, कारण लोकांनी ती घरात बोलणं सोडलं नाही आणि काहींनी ती लिहून ठेवली. जॉन जेमिसन यांनी १८०८ साली तिचा मोठा शब्दकोश छापला. २०११ च्या जनगणनेत तिथे पहिल्यांदा या भाषेबद्दल विचारलं गेलं, तेव्हा १५ लाखांहून जास्त लोकांनी सांगितलं, आम्हाला ही भाषा बोलता येते. २०२५ साली तिथल्या संसदेने तिला अधिकृत दर्जा देणारा कायदा केला.

आपल्या मराठीलाही ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो मान फक्त छापील मराठीचा नाही. तीत आपल्या शेतातले, खाडीतले, चुलीपुढचे शब्दही आले.

पण हे शब्द जाताहेत. प्लास्टिक आलं आणि इरलं गेलं, तसा 'इरलं' हा शब्दही मुलांना कळेनासा झाला. दाढ भाजणं थांबलं की 'भाजावळ' जाईल. बाकीचं काम लाज करते. आई मुलीला म्हणते, "असं नको बोलूस", आणि मुलगी आजीशी बोलायचीच कमी होते.

मुलींनी प्रमाण मराठी शिकावी, इंग्रजीही शिकावी. अर्ज लिहायला, नोकरी करायला ती लागते. पण एक भाषा शिकायची म्हणून दुसरी टाकावी लागत नाही. आपण शाळेत एक आणि घरी एक, अशा दोन्ही सहज बोलू शकतो.

म्हणून आमचं एक सुचवणं आहे. गटाच्या हिशोबाच्या वहीची मागची चार पानं शब्दांसाठी ठेवा. दर बैठकीला वयाने मोठ्या बाईला पाच शब्द विचारा. शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोणत्या कामात वापरतात, एवढं लिहा. ती बोलते तसाच लिहा, सुधारू नका. 'इळा' म्हणाली तर 'इळा'च लिहा. गटातल्या शिकलेल्या मुलीला हे काम द्या, म्हणजे तीही आजीजवळ बसेल.

आणि ग्रामसभेत उभ्या राहाल तेव्हा आपल्या बोलीत बोला. पाण्याची अडचण 'पानी' म्हटल्याने कमी खरी होत नाही. बेगमी जशी पावसाआधी करतात, तशी शब्दांचीही वेळेवर करूया.