प्रशियाचे हलके पायदळ : येना ते १८१२

१४ ऑक्टोबर १८०६ रोजी येनाच्या लढाईत फीअरत्सेनहायलिगेन या खेड्यासमोर सेनापती ग्राव्हर्टचे प्रशियन पायदळ सुमारे दोन तास उघड्यावर रांगा धरून उभे राहिले. खेड्यातील भिंती व बागा यांच्या आडून नेपोलियनचे विखुरलेले शिपाई त्यांस टिपीत होते. प्रशियन फैरींना मात्र नेमके लक्ष्यच सापडत नव्हते.

प्रशियास विरळ रांगेने लढण्याचे हे तंत्र अपरिचित होते, असे म्हणणे सयुक्तिक नाही. फ्युझिलियर नावाच्या हलक्या पायदळाच्या पलटणी तेथे १७८७ मध्येच उभारल्या गेल्या होत्या. पायदळाच्या प्रत्येक कंपनीत रायफलधारी असे १० नेमबाजही होते. उणीव होती ती विश्वासाची. जुन्या सैन्यात परमुलखांतून भरती केलेले व शिक्षेच्या धाकाने राखलेले शिपाई पुष्कळ. ते नजरेआड झाले की पळून जातील, ही धास्ती अधिकाऱ्यांस सदैव असे. विखुरलेल्या शिपायास तर नजरेआडच लढावे लागते. आडोसा कोणता, गोळी केव्हा झाडावयाची, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे.

या दृष्टीने पाहता, दुतर्फा उभ्या केलेल्या सैनिकांकडून अपराध्यास फटके मारविण्याची शिक्षा १८०८ मध्ये रद्द झाली, ही घटना केवळ दंडनीतीच्या इतिहासातील नव्हे. त्याच वर्षी ग्नायझेनाउने ‘पाठीचे स्वातंत्र्य’ या शीर्षकाचा लेख लिहिला. (शीर्षकात पाठ यावी, हे लक्षणीय आहे.) पुढे १८१२ च्या कवायत-नियमावलीने पायदळाची तिसरी रांग विखरून लढण्यासाठी नेमली. बहुतेकांच्या हाती बंदूक मात्र अजूनही गुळगुळीत नळीचीच होती.