चलरूपांतर (जोखीम गुणपत्रकातील)

कर्जदाराचे वय, जमीन, उत्पन्न, मागील परतफेड अशी कच्ची माहिती गुणांत मोजण्याआधी तिला योग्य रूप देण्याची क्रिया. गुणपत्रक किंवा स्कोअरकार्ड बहुधा लॉजिस्टिक प्रतिगमनावर उभे असते. या पद्धतीत चल आणि थकबाकीची लॉग-शक्यता यांचे नाते सरळ रेषेचे धरतात. प्रत्यक्षात ते क्वचितच तसे असते.

सर्वाधिक रूढ रीत गट पाडण्याची. प्रत्येक गटात एकूण नियमित कर्जदारांपैकी किती टक्के आणि एकूण थकबाकीदारांपैकी किती टक्के आले, ते पाहतात. या दोन टक्केवारींच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम म्हणजे त्या गटाचे ‘वेट ऑफ एव्हिडन्स’. समजा, 900 नियमित कर्जदारांतले 180 आणि 100 थकबाकीदारांतले 40 एका गटात आहेत. 20 टक्क्यांना 40 ने भागले की 0.5 येतात, त्याचा लॉगॅरिदम उणे 0.69. दर 20 गुणांना नियमित फेडीची शक्यता (ऑड्स) दुप्पट होईल अशी मोजपट्टी ठेवली आणि चलाचा सहगुणक एक धरला, तर या गटाला 20 गुण कमी मिळतात. माहिती न भरलेल्यांचा गट वेगळा ठेवावा; तिथे सरासरी भरणे म्हणजे एक खूण पुसून टाकणे होय.

गट कुठे तोडायचे हे संगणक सुचवतो, पण ते पटवून घ्यायला मुलूख माहीत असावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यात प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांवर ऊस आणि पेरूच्या बागा उभ्या आहेत. काही गावे मात्र जिरायत. सातबाऱ्यावरचे नुसते क्षेत्र घेतले तर पाटपाण्याखालची दोन एकर बाग दहा एकर जिरायतीपेक्षा हलकी ठरते. म्हणून क्षेत्र आणि ओलीत यांचा एकत्रित चल करणे रास्त. कारखान्याच्या ऊसबिलातून सोसायटीचे कर्ज परस्पर वळते होत असेल, तर तोही वेगळा चल मानावा.

‘मागील थकबाकी’ हा चल इथे विशेष जपून वापरायला हवा. जून 2017 चा शेतकरी संप याच तालुक्यातील पुणतांब्यातून उभा राहिला. त्याच महिन्यात राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ करणारी योजना जाहीर केली. नियमित फेडणाऱ्यांना 25 टक्के, कमाल 25 हजार रुपये प्रोत्साहन ठेवले. त्या हंगामातील थकबाकीत ऐपत नसलेले आणि माफीची वाट पाहत थांबलेले, दोघेही मिसळलेले असू शकतात. दोघांना एकाच गटात घालून उणे गुण देणे अन्यायाचे आहे. तो काळ स्वतंत्र गटात टाकावा, नाहीतर नमुन्यातून वगळावा.

रूपांतर कायमचे नसते. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण 26 ऑक्टोबर 2023 रोजी शिर्डीत झाले. ज्या शिवारात पाणी पोचले, तिथला जुना ‘जिरायत’ शेरा जोखीम फुगवून दाखवील; तिथे ओलिताचे गट नव्या पीकपाहणीवरून पाडावे लागतात.