नाशिकचें गोल्फ मैदान व वृक्षायुर्वेद

नाशिक येथील जुन्या गोल्फ क्लबच्या मैदानास हल्लीं हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव आहे. कान्हेरे यांनीं २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांस ठार केलें व १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास ते फांशीं गेले. नवें नांव सार्थच आहे. तथापि तेथें आतां क्रिकेट चालतें; गोल्फची आठवण लोकांच्या तोंडीं राहिलेल्या जुन्या नांवांतच उरली आहे.

गोल्फच्या मैदानास दुतर्फा वृक्षराजी शोभते. परंतु झाडें दाट झालीं म्हणजे हिरवळीस ऊन मिळत नाहीं व मुळें तिचें पाणी ओढतात. हा विचार आपणांकडे नवा नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दोन झाडांमधील अंतर २० हात उत्तम, १६ मध्यम व १२ कनिष्ठ सांगितलें. झाडें परस्परांस भिडलीं व मुळें गुंतलीं कीं फळ नीट येत नाहीं, हें कारणही दिलें. तेथें हेतु फळाचा, येथें गवताचा, न्याय एकच. उलटपक्षीं रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र आंबे-फणस तोडूं देत नाहीं, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. तेव्हां अंतराचा विचार कुऱ्हाडीच्या वेळीं नव्हे, लावणीच्या वेळींच व्हावा.

संग्राहकांनीं पोथ्यांबरोबर अशा मैदानांचे नकाशे व माळ्यांच्या पगाराच्या वह्याही जपाव्या. कागद रद्दींत गेला म्हणजे नुसतें नांव उरतें, आणि नांवही बदलतें.