रानपिंगळ्याची एकशे तेरा वर्षे

रानपिंगळा या लहान घुबडाची शास्त्रीय नोंद प्रथम १८७३ साली झाली. आदल्या वर्षी एफ. आर. ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर परिसरात मिळवलेल्या पक्ष्याचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जातीला ब्लुइट यांचे नाव दिले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे सर्वतोमुखी झालेले ह्यूम ते हेच.

गावाकडच्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा नेहमीचा पिंगळा आणि हा रानपिंगळा आकाराने जवळपास सारखे, म्हणजे साळुंकीएवढे असले, तरी नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, राखाडी-तपकिरी असते; त्याच्या छातीवर गडद पट्टा, पंख-शेपटीवर ठळक आडवे पट्टे आणि पायांवर दाट पांढरी पिसे असून चोच व नख्या अधिक दणकट असतात. मात्र खरा फरक सवयींचा आहे. घुबड म्हणजे निशाचर हा समज या पक्ष्यापुढे टिकत नाही, कारण तो सागाच्या विरळ, पानगळीच्या जंगलात भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो, शेपटी झटकतो आणि प्रामुख्याने सरडे, पाली यांसारखे सरपटणारे प्राणी पकडतो. इतक्या उघडपणे वावरणारा पक्षी शतकाहून अधिक काळ अभ्यासकांच्या दृष्टीस पडू नये, याचे कारण त्याच्या स्वभावात शोधून मिळणार नाही. ते संग्रहालयांच्या कपाटांतच शोधावे लागते.

ब्लुइट यांच्यानंतर व्हॅलेंटाइन बॉल यांना १८७७ मध्ये ओडिशातील खरियार भागात हा पक्षी मिळाला, आणि खानदेशातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ या काळात शहादा-तळोदा परिसरातून काही नमुने जमवले. नमुना म्हणजे आतील मांस काढून कापूस भरलेले कातडे, ज्याच्या पायाला स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असते. ती चिठ्ठी खोटी असेल तर कातड्याची शास्त्रीय किंमत जवळपास शून्य होते. १८८४ नंतर नवा नमुना आला नाही. अपवाद फक्त एक दिसत होता: ब्रिटिश सैन्याधिकारी व पक्षिसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांच्या संग्रहातील एका कातड्यावर गुजरातेतील मांडवी आणि १९१४ हे साल नोंदलेले होते. विसाव्या शतकात सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांचे शोधही निष्फळ ठरले आणि जाती नामशेष झाल्याची भीती बळावत गेली.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह केलेल्या तपासणीतून मात्र वेगळेच सत्य बाहेर आले. मांडवीचे कातडे मुळात डेव्हिडसन यांच्या संग्रहातील होते. ते चोरून, उसवून, नव्याने भरून त्यावर नवी चिठ्ठी चढवण्यात आली होती, आणि जुन्या बांधणीच्या खुणा क्ष-किरण तपासणीतही पूर्णपणे लपल्या नाहीत. मांडवी यादीतून वगळल्यामुळे खऱ्या नोंदींच्या ठिकाणांकडेच लक्ष देता आले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडील जुनी ठिकाणे पालथी घातली, तेथे काही हाती लागले नाही. नंतर ते खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. डेव्हिडसन यांची चिठ्ठी खरी होती, एवढेच.

त्यानंतरच्या सर्वेक्षणांत तोरणमाळ, तळोदा, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार येथे तो आढळला, पण बहुतेक ठिकाणी जंगलतोड आणि अतिक्रमण त्याच्या अधिवासापर्यंत पोहोचलेले होते. पुढे २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही दिसला. मुंबईपासून शंभर किलोमीटरांच्या आसपास असलेल्या, पक्षिनिरीक्षकांच्या नेहमीच्या वाटेवरच्या या जंगलात रानपिंगळा शोधण्याचे कोणाला सुचले नव्हते, कारण तेथून आलेले एकही जुने कातडे कोणत्याही संग्रहालयात नव्हते.